तापलेला ब्रेक आणि आईचा डोळा

आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकला होता. उजव्या डोळ्यानं तिला आधीपासूनच अंधुक दिसायचं. चहा ओतताना ती एक बोट कपाच्या काठाच्या आत धरायची आणि चटका बसला की ओतणं थांबवायची. दौंडच्या डॉक्टरांनी शिरूरला येणाऱ्या सर्जनकडं पाठवलं आणि सर्जननं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता पुढं ढकलू नका. मोतीबिंदू आत फुटला तर डोळ्याचा दाब वाढेल. मग माझ्या हातात फार काही राहणार नाही." हे वाक्य मी माझ्या यादीत सगळ्यात वर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मला याद्या लागतात. घरच्या वेगळ्या, कामाच्या वेगळ्या. नवरा म्हणतो, मी यमदूताला पण दारात थांबवून आधी यादी पुरी करीन. म्हणू दे. विसरलेल्या गोष्टी निस्तरण्यापेक्षा लिहून ठेवणं स्वस्त पडतं.

तरी आईचं ऑपरेशन दोनदा हुकलं होतं, आणि त्यात यादीचा काही दोष नव्हता. पहिल्यांदा माझी कामाची पाळी लांबली, आणि आई शिरूरच्या दवाखान्यात बाकावर बसून राहिली. "लेक आल्याबिगर आत जायाची न्हाई," म्हणाली. डॉक्टर गेले, ती बसलेलीच. दुसऱ्यांदा मी रजा काढून हजर होते, तर तिची साखर वाढलेली निघाली. सर्जन पुण्याहून आठवड्यातून एकदाच शिरूरला येतात. त्यामुळं हुकलेला दिवस म्हणजे हुकलेला आठवडा, आणि साखर आटोक्यात येईपर्यंत हुकलेला महिना.

मी आल्याशिवाय आत न जाण्याचं कारण सांगायला हवं. आमचे वडील मालगाडीचे गार्ड. आम्ही दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलो. तिथं बऱ्याच घरांत एक रीत होती आणि आमच्या घरात ती कायद्यासारखी होती. ड्यूटीवर गेलेलं माणूस परत आल्याशिवाय आई जेवायची नाही आणि कुठलंही मोठं काम सुरू करायची नाही. धान्याचं नवं पोतं उघडायचं नाही, नवं कापड कापायचं नाही, पाव्हण्यांना शब्द द्यायचा नाही. आम्हा पोरांना वाढायची आणि स्वतः पितळी पालथी घालून बसायची. मालगाडीला वेळ नसते, त्यामुळं आईचं जेवण कधी दुपारी व्हायचं तर कधी दिवेलागणीला. वडील वारल्यावर मला वाटलं, सुटली बिचारी. मला विमानतळावर नोकरी लागली आणि तो नियम माझ्या नावावर बदली होऊन आला. भाऊही रेल्वेतच आहे, पण तिकीट खिडकीवर. बसून करायचं काम आईच्या हिशोबी ड्यूटीत धरत नाहीत.

माझं काम विमान देखभालीच्या इंजिनिअरचं. पुण्याच्या विमानतळावर उतरलेलं विमान तपासायचं, बिघाड असेल तर काढायचा आणि ते पुन्हा उडायला योग्य आहे अशी सही करायची. ही सही थोड्याच लोकांना करता येते, म्हणून बदली माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडता येत नाही.

तिसऱ्या खेपेचा बेत मी नीट आखला होता. माझी सकाळची पाळी दुपारी एकला संपणार. नगर रोडची कोंडी धरून तीनपर्यंत शिरूर. चारला ऑपरेशन. रजा मी पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवली, कारण पट्टी, थेंब आणि आईला डोळा चोळण्यापासून रोखणं ही खरी कामं नंतरची. भाऊ सकाळी आईला दौंडहून घेऊन निघणार, न्हावऱ्यावरून शिरूरला येणार. नवऱ्याची कॉलेजात परीक्षेची ड्यूटी होती, म्हणून शिरूरच्या आमच्या घराची किल्ली शेजारी. मुगाची खिचडी मी पहाटेच करून डब्यात भरून ठेवली होती. दुपारी आईनं ती खाऊन साखरेची गोळी घ्यायची आणि मग दवाखान्यात जायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, उपाशी आणू नका, गोळी चुकवू नका. सगळं भावाला लिहून पाठवलं होतं. त्यानं उत्तरादाखल अंगठा पाठवला होता.

पाळीतलं शेवटचं विमान उतरलं आणि कॅप्टनचा आवाज रेडिओवर आला. डावीकडच्या एका चाकाचा ब्रेक बाकीच्यांपेक्षा बराच गरम दाखवतोय, आणि विमान जागेवर येताना डावीकडं ओढतंय.

ब्रेक तापणं नवीन नाही. एवढं मोठं धूड धावपट्टीवर थांबवायचं तर ब्रेक तापणारच. पण सगळे साधारण सारखे तापले पाहिजेत. एकटाच तापला आणि विमानही त्या बाजूला ओढायला लागलं, म्हणजे पाय काढल्यावरही तो ब्रेक चाकाला धरून बसलाय. मी घड्याळ बघितलं नाही. बघून उपयोग नव्हता.

अशा वेळी करायच्या गोष्टी थोड्या असतात आणि न करायच्या जास्त. पुढच्या चाकाला ठोकळे लावायचे. मग कॅप्टनला पार्किंग ब्रेक सोडायला सांगायचं, कारण तापलेला ब्रेक दाबून ठेवला तर आतल्या चकत्या चिकटून बसतात. तापलेल्या चाकाजवळ बाजूनं कुणी जायचं नाही. टायर किंवा रिम फुटली तर तुकडे बाजूलाच उडतात. गेलंच पाहिजे तर समोरून किंवा मागून. अग्निशमनची गाडी लांब उभी करायची. ब्रेकचे पंखे चालू ठेवायचे. आणि मग थांबायचं. शेवटची गोष्ट सगळ्यात सोपी आहे आणि तीच कुणाला जमत नाही.

मी मागच्या दाराला शिडी लावू दिली नाही. सगळे प्रवासी पुढच्या दारानं उतरले, रांग लांबली आणि कुरकुर सुरू झाली. पांढऱ्या कडक कपड्यातले एक गृहस्थ शिडीवरूनच म्हणाले, "मागचं दार उघडा की मॅडम. एस्टी हाय का ही, एकाच दारानं उतरायला?"

"आज एस्टीच समजा, काका."

"एस्टी बरी. तिच्यात घंटी मारली की थांबतीय तरी."

"थांबलीय हीपण. आता सुटत नाही, एवढाच प्रश्न आहे."

ते हसले नाहीत. बसमध्ये चढेपर्यंत ते दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते की, आपल्या लोकांना नियोजनच जमत नाही. माझी नियोजनाची घडी केलेली यादी तेव्हा माझ्या खिशात होती.

बस निघाल्या. सामान मात्र मी विमानाच्या पोटातच ठेवायला लावलं, कारण सामान उतरवणाऱ्यांना तापलेल्या चाकाच्या आसपास वावरावं लागलं असतं. त्यावर पाळीच्या मॅनेजरचा पहिला फोन आला. "बॅगा का नाही आल्या? लोक पट्ट्यापाशी उभेत."

"ब्रेक गार झाला की देते."

"किती वेळ?"

"गार व्हायला लागेल तेवढा."

"अंदाजे सांगा ना."

"अंदाजानं मी सही करत नाही, साहेब."

फोन ठेवून वळते तर आमचे आप्पा विमानाच्या डाव्या पंखाकडं चालले होते. आप्पा विमान ढकलायचा ट्रॅक्टर चालवतात. त्याला आम्ही टग म्हणतो. गडी इनामगावकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आधी बरीच वर्षं उसाचे ट्रक चालवलेले. शांत, वक्तशीर माणूस. पण त्यांच्या हातात पाण्याची मोठी बाटली होती, टोपण काढलेली, आणि ते बरोबर बाजूनं चाकाकडं निघाले होते.

"आप्पा," मी म्हणाले. "जिथं आहात तिथं थांबा."

ते थांबले. "वाईच पानी मारतो, मॅडम. फुकटचं थांबून ऱ्हायलोय सगळे."

"मागं या. सरळ मागं. वळू नका."

ते उलट्या पावली मागं आले, तोंडावर माझी कीव केल्यासारखा भाव. "घाटातनं भरला ट्रक खाली आणला की ड्रम असाच लालबुंद व्हायचा. बाटली वतली की चुर्र. च्या पिऊन होईस्तवर गार."

"आणि ड्रम तडकायचे का नाही?"

आप्पांनी विचार केला. "तडकायचे एकादे."

"हे तडकलं तर तुमच्या अंगावर येईल, आप्पा. गरम चाकावर गार पाणी मारलं की धातू एकदम आखडतो. आत हवा भरलेली आहे. बाँब आहे तो."

त्यांनी बाटलीचं टोपण लावलं, मग काढलं, आणि त्यातलं पाणी स्वतः प्यायले. "मग काय करायचं?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

"हे लई अवघड काम हाय," आप्पा म्हणाले, आणि टगच्या पायरीवर जाऊन बसले.

माझ्या जागी येणाऱ्या दुपारच्या इंजिनिअरचा फोन याच वेळी आला. तो वाघोलीत अडकला होता. पुढं एक कंटेनर आडवा झाला होता. "हलतच नाही हो काही," तो म्हणाला. मी त्याला रागावले नाही. त्याच रस्त्यानं मला जायचं होतं.

ब्रेकचं तापमान वर कॉकपिटमध्ये पडद्यावर दिसतं. कॅप्टन खिडकीतून अधूनमधून हातानं खुणा करत होता. उतरतंय, पण हळू. मी सावलीत उभ्या केलेल्या आमच्या गाडीत जाऊन फोन बघितला. भावाचे इतके फोन येऊन गेले होते, जणू एखादा बसचालक हॉर्नवर हात ठेवून बसलाय.

"आक्का, आई जेवत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे डबा उघडू देत नाही. म्हणते, ती ड्यूटीवर हाय, मी कशी जेवू."

"गोळी?"

"जेवण नाही तर गोळी कुठली? सकाळी न्याहारीला अर्धी भाकरी खाल्लीय, तेवढ्यावरच आहे. दवाखान्यातून फोन आला, घेऊन या म्हणून. नर्स म्हणाली, उपाशी आणलं आणि साखर खाली गेली तर डॉक्टर हात लावणार नाहीत. आणि आज सोडलं तर पुढचे दोन आठवडे डॉक्टर येणार नाहीत, बाहेरगावी चाललेत."

"आईला दे."

आई फोनवर आली. ती फोनमध्ये नेहमी जोरात बोलते, जणू दौंड आणि पुण्यामधला प्रत्येक सिग्नल ओलांडून आवाज पोचवायचा आहे. "कवा येतीस?"

"आई, वेळ लागणार आहे. तू खिचडी खा. गोळी घे. त्याच्यासंगं दवाखान्यात जा. मी तिथंच येते."

"तू ये, मग खाते."

"डोळा जाईल, आई."

"जाईना. इतके दिवस न्हाई गेला, आज दुपारचाच बरा जाईल."

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"डाक्टर शिकल्याला हाय. पन माझ्या घरातलं मानूस रुळावर आन् मी हिकडं डोळं मिटून टेबलावर निजू व्हय?"

"मी रुळावर नाही. विमानतळावर आहे. सावलीत बसलेय."

"एकच झालं."

मी समजावलं, मी रागावले, मी विनंती केली. वडिलांचं नाव काढलं, तर ती म्हणाली, त्यांच्या टायमाला बी मी हेच केलं. शेवटी मी म्हणाले, "मी स्वतः सांगतेय ना तुला, जेव म्हणून."

"ड्यूटीवरलं मानूस आपल्या तोंडानं जेव म्हननारच," आई म्हणाली. "त्येला घरच्याची काळजी असती. त्येचं ऐकत नसत्यात."

फोन बंद झाला. मला गाडीच्या दारावर लाथ मारावीशी वाटली. मारली नाही, कारण दारावर ओरखडा आला की त्याचा अहवाल लिहावा लागतो. बाहेर आले. विमान उन्हात उभं, पंख्यांचा घुं घुं आवाज, आप्पा पायरीवर. इकडं एक ब्रेक सुटत नव्हता आणि तिकडं एक बाई. दोन्हीकडं माझ्या हातात थांबण्यापलीकडं काही नव्हतं, आणि शिरूरला थांबायलाही वेळ नव्हता.

मॅनेजरचा पुन्हा फोन आला, तो मी पाच शब्दांत संपवला. आप्पा बघत होते. म्हणाले, "साहेबाचा व्हता का घरचा?"

"साहेबाचा. घरचा त्याच्या आधी होता."

"घरी काय झालं?"

मी सांगितलं. सहसा मी कामावर घरचं सांगत नाही, पण त्या वेळी सांगितलं. ऑपरेशन, खिचडी, गोळी, मालगाडी, पालथी पितळी. आप्पांनी मान डोलावली. त्यांना काहीच विचित्र वाटलं नाही. म्हणाले, "आन् तुमच्या वडलांची गाडी दोन-दोन दिवस आली न्हाई म्हंजी? म्हातारी दोन दिस उपाशी?"

"नाही. तेव्हा—"

आणि मी तिथंच थांबले. तेव्हा कॉलवाला यायचा.

रेल्वेत गार्ड-ड्रायव्हरला ड्यूटीचं बोलावणं घेऊन एक माणूस सायकलवर घरी येतो. कॉलनीत त्याला सगळे कॉलवाला म्हणायचे. गाडी कुठं अडकली, पाटसला उभी राहिली, भिगवणला मालाचे डबे घसरले, की कधीकधी तोच कॉलवाला दारात सायकल टेकवून आईला निरोप द्यायचा. बाई, गाडी अडकलीय, गार्डसाहेब खुशाल हायेत, जेवून घ्या. मग आई पितळी सुलटी करायची. नियमाला तेवढीच एक फट होती आणि ती इतकी जुनी की मी विसरून गेले होते. निरोप घरच्या माणसानं देऊन चालायचा नाही. तो ड्यूटीच्या ठिकाणाहून, परक्या माणसाच्या तोंडून यायला लागायचा. आई मघाशी फोनवर मला नेमकं हेच सांगत होती आणि मी तो हट्ट समजून तिच्याशी भांडत होते.

"आप्पा," मी म्हणाले, "तुम्हाला एक काम सांगते."

"पानी मारायचं?"

"निरोप द्यायचा."

मी त्यांना काय बोलायचं ते सांगितलं. ते लगेच उठले, टोपी काढली, पुन्हा घातली. मी भावाला फोन लावून म्हणाले, आईला दे, आणि मी आहे म्हणू नकोस. फोन आप्पांच्या कानाला लावला. आईचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"कोन हाय?"

"विमानतळावरनं बोलतोय, आजी. ड्यूटीवरनं."

 आई वेगळ्याच, जरा खालच्या आवाजात म्हणाली, "बोला."

"मॅडमची गाडी अडकली हाय. ब्रेक धरलाय एका चाकाचा. मॅडम खुशाल हायेत. मी समोर बघतोय. तुमी जेवून घ्या."

"कुठं अडकली?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बोट दाखवलं. "हितंच. ठेसनातच. बाहेर न्हाई कुठं."

"मग हरकत न्हाई. ठेसनात असली की हरकत न्हाई." मग आई म्हणाली, "निरोप निसता जेवायचा हाय, का त्या डोळ्याचा बी?"

हे मी सांगितलेलं नव्हतं. आप्पा क्षणभरही अडखळले नाहीत. "दोनीचा हाय. जेवायचं, गोळी घ्यायची, आन् दवाखान्यात जाऊन डोळा करून घ्यायचा. मॅडम गाडी सोडून थेट तिकडंच येनार."

"कुठलं गाव तुमचं?"

"इनामगाव, आजी. घोडनदीच्या काठचं."

"मंजी शिरूरच्याच अंगाचे. बरं हाय. जेवलात का तुमी?"

"जेवतो आता," आप्पा म्हणाले आणि फोन माझ्याकडं दिला. भाऊ पलीकडं कुजबुजत होता, "आक्का, डबा उघडला. तिनंच उघडला." मी फोन ठेवला. आप्पांचे आभार मानायचं राहिलं, कारण कॅप्टननं खिडकीतून अंगठा वर केला होता. ब्रेक गार झाला होता.

पुढचं काम मात्र माझ्या हातातलं होतं आणि ते करताना बरं वाटलं, तेही फार वेळ नाही. सामान उतरवून घेतलं. चाकाजवळ मागून गेले. टायर शाबूत, जास्त तापल्यावर वितळून हवा सोडणारी बुचं जागेवर. चाक जॅकवर उचललं, दोन मेकॅनिकांनी हातानं फिरवून बघितलं. फिरेना. ब्रेक पूर्ण सोडलेला, तरी आतला एक पिस्टन मागं सरकत नव्हता आणि चकत्या धरून बसला होता.

मॅनेजर आता स्वतःच येऊन उभे राहिले. संध्याकाळच्या फेरीला हेच विमान लागणार होतं. म्हणाले, "एक ब्रेक बंद करून पाठवता येतं ना? पुस्तकात आहे."

"आहे. पण बंद करायचा तर आधी तो सुटायला हवा. हा धरूनच बसलाय. पळताना पुन्हा तापेल."

"मग?"

"बदलायचा. स्टोअरमध्ये एक आहे, मी मघाशीच मागवलाय."

"मघाशी म्हणजे?"

"गार होण्याची वाट बघत होते तेव्हा."

ते म्हणाले, मग मघाशीच सांगायचं होतं. मी म्हणाले, मघाशी तुम्ही फक्त किती वेळ विचारत होता. हे जरा जास्तच बोलले मी, पण खिचडी आणि गोळीच्या पुढचं मला तेव्हा काही कळलेलं नव्हतं. आई आत गेली का बाकावरच बसली, कोण जाणे.

चाक काढलं, जुना ब्रेक उतरवला. विमानाच्या ब्रेकच्या चकत्या कार्बनच्या असतात आणि त्यांची काळी पूड हातमोज्यातूनही बोटांपर्यंत पोचते. मोजा फाटला तर विचारूच नका, आणि माझा फाटला. नवा ब्रेक बसवला, तेलाची नळी जोडली, गळती नाही ना बघितलं, कॅप्टनला ब्रेक दाबायला आणि सोडायला सांगितलं. दाब. सोड. पुन्हा दाब. सोडल्यावर चाक हातानं मोकळं फिरलं. दुपारचा इंजिनिअर तेवढ्यात घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, द्या, उरलेलं मी करतो. मी नाही म्हणाले. ब्रेकचं काम अर्ध्यात हातबदल केलं की एखादा बोल्ट दोघांनाही वाटतं दुसऱ्यानं आवळलाय. उरलेलं मीच केलं, सही केली आणि निघाले.

नगर रोडबद्दल मी लिहिणार नाही. सणसवाडीला कंपन्यांची पाळी सुटली होती आणि रस्ता कामगारांच्या बस, दुचाकी आणि टपऱ्यांवर थांबलेल्या रिक्षांनी भरून गेला होता. मी गाडी बंद करून बसले. भावाचा फोन लागत नव्हता. दवाखान्यात आत फोन बंद ठेवायला लावतात, हे मला माहीत होतं, तरी तो न लागणं मला चांगलं चिन्ह वाटायचं आणि लगेच वाईटही. शिक्रापूरच्या पुढं एकदाचा त्याचा मेसेज आला. आत घेतलं.

मी पोचले तेव्हा आई पलंगावर बसलेली होती, डाव्या डोळ्यावर पट्टी, अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा. डॉक्टर निघायच्या गडबडीत होते. म्हणाले, "वेळेवर आणलंत. आतून फुगला होता. पुढच्या खेपेला मी हात लावला नसता." मी त्यांना काही विचारणार होते, माझ्या यादीत प्रश्न लिहिलेले होते, पण ते गेले.

आईनं पावलांवरून मला ओळखलं. "सुटली का गाडी?"

"सुटली."

"तुझा कॉलवाला चांगला मानूस हाय. पन एक चुकलं त्येचं."

"काय?"

"किती टाईम लागंल ते नाय सांगितलं. कॉलवाला टाईम सांगतो."

दिवसभर मॅनेजर मला हेच विचारत होते, आता आईही. मी तिच्या पायथ्याशी बसले. भाऊ म्हणाला, आक्का, तू काही खाल्लंस का? मी म्हणाले, नाही. आईनं डब्यात अर्धी खिचडी माझ्यासाठी ठेवली होती. साखरेच्या माणसानं अर्ध्या खिचडीवर ऑपरेशनला जायचं, हे कुठल्याही यादीत नव्हतं. यावर बोलायची ताकद नव्हती. मी तिथंच बसून ती गार खिचडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतनीस डॉक्टरांनी पट्टी काढली. मी रजेवर होते, ठरल्याप्रमाणे समोर खुर्चीत. आईनं डोळा उघडला, मिटला, पाणी आलं, पुन्हा उघडला. मी तिचा हात धरला होता. ती खिडकीकडं बघेल, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघेल, माझ्या तोंडाकडं बघेल, असं मला वाटलं. ती खाली माझ्या हाताकडं बघत राहिली. बराच वेळ. घासून घासूनही नखांच्या कडांतली कार्बनची पूड निघालेली नव्हती.

"हे काय?" आई म्हणाली. "असल्या काळ्या नखांनी जेवलीस व्हय काल?"

मग डॉक्टरकडं वळून म्हणाली, "हिला साबन द्या आधी."